आले किती, घेतले किती? : संकेतस्थळावरील मोजणी आणि तिचा उपयोग



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून अशा व्याख्यानांत इतिहास, वाङ्‌मय, तत्त्वज्ञान हेच विषय मानाचे ठरत आले आहेत. त्या पंक्तीत कामगार संघटनेत केस पांढरे झालेल्या माणसाने संकेतस्थळ आणि जाहिरात हा विषय घेऊन बसावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु हा विषय आम्ही शोधत गेलो नाही, तोच आमच्या दारी आला. आमच्या ज्या भगिनी वर्षानुवर्षे पथारीवर मिरचीचे देठ खुडत आल्या, त्यांतल्या काहींनी आता बचत गट करून स्वतःचे तिखट विकायला काढले आहे. त्यांच्या मुलांनी मोबाइलवरून दुकान मांडले आहे. आणि ‘दादा, चार हजार लोकांनी आपले दुकान पाहिले म्हणतात, मग तिखट पडून का आहे?’ असा प्रश्न त्या आम्हाला विचारतात. त्या एका प्रश्नाचे उत्तर देताना जे शिकावे लागले, तेच येथे सांगणार आहोत.

हा प्रश्न आम्हाला अगदीच अपरिचित नव्हता. द्वारसभेला दोनशे माणसे जमली, घोषणा दणाणल्या, टाळ्या पडल्या, म्हणजे दोनशे सभासद झाले असे होत नाही. संध्याकाळी पावतीपुस्तक उघडावे लागते. पावत्या सतरा फाटल्या असतील तर सभा सतरा माणसांची झाली असे धरूनच पुढचे काम आखावे लागते. जो कार्यकर्ता टाळ्या मोजतो तो संपाच्या दुसऱ्या आठवड्यात एकटा पडतो. संकेतस्थळाच्या मोजणीतही टाळ्या वेगळ्या आणि पावत्या वेगळ्या असतात, आणि दुर्दैवाने यंत्र टाळ्यांचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत दाखवते.

आता ही मोजणी होते कशी ते पाहू. कोणी मोबाइलवर एखादे पान उघडतो म्हणजे त्याचा मोबाइल दूरच्या एका संगणकाकडे त्या पानाची मागणी करतो. तो संगणक पान देतो आणि आपल्या वहीत एक ओळ लिहून ठेवतो : अमुक वेळ, अमुक पान, मागणाऱ्याचा अमुक पत्ता, कोठून आला, कोणत्या जातीचे यंत्र. आरंभी एवढीच नोंद होती. पण तीत एक अडचण होती. तोच माणूस पुन्हा आला तर तो तोच आहे हे वहीला कळत नसे. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुणाने त्यावर तोड काढली. आलेल्या माणसाच्या यंत्रात एक छोटीशी चिठ्ठी ठेवायची, आणि तो पुन्हा आला की ती वाचायची. या चिठ्ठीला ‘कुकी’ म्हणतात. पुढे अर्चिन नावाची एक कंपनी अशा नोंदी वाचून कोष्टके करून देई. ती गूगलने २००५ साली विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘गूगल ॲनालिटिक्स’ नावाने ते साधन जगाला फुकट वापरायला दिले. फुकट याचा अर्थ इतकाच, की पैसे लागत नाहीत. नोंदी मात्र त्या कंपनीच्या यंत्रांवर जाऊन पडतात.

यंत्र ज्याला ‘एक माणूस’ म्हणते तो खरोखर एक माणूस असतोच असे नाही. त्याच्या दृष्टीने एक मोबाइल म्हणजे एक माणूस. घरात पाचजणांत एकच मोबाइल असेल तर पाचांचा एक होतो, आणि एखाद्या मास्तरांजवळ मोबाइल व संगणक दोन्ही असतील तर एकाचे दोन होतात. ‘भेट’ म्हणजेही काय, तर माणूस अर्धा तास स्वस्थ बसला की गूगलच्या हिशेबी ती भेट संपली. चहा पिऊन, शेजारणीला विचारून बाई पुन्हा आल्या की दुसरी भेट. शिवाय माणसे नसलेलेही कित्येक पाहुणे येतात. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे दिवसरात्र पाने चाळत हिंडत असतात. त्यांतली पुष्कळशी गाळली जातात, सगळी नाही. एखाद्या रात्री अचानक तीनशे ‘भेटी’ आल्या, सगळ्या एकाच पानावर, सेकंदभर थांबून गेल्या, तर पेढे वाटू नयेत. गावाच्या नावावरही फार विसंबू नये. मोबाइलची जोडणी कंपनीच्या एखाद्या मोठ्या केंद्रातून येते, त्यामुळे शहाद्याचा माणूस मुंबईचा म्हणून नोंदला जाणे मुळीच अशक्य नाही.

एवढ्या उणिवा असतील तर मोजायचेच कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की तराजू थोडा हलका दाखवीत असला तरी काल आणि आज तोच तराजू वापरला तर वाढ-घट कळते. मात्र मोजण्यापूर्वी प्रश्न ठरलेला हवा. प्रश्न नसलेला आकडा म्हणजे नुसती करमणूक.

पहिला प्रश्न : गिऱ्हाईक आले कोठून? हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. अमेरिकेतील जाहिरातशास्त्रज्ञ क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिले, त्यात त्याचा सारा भर यावरच आहे. प्रत्येक जाहिरातीबरोबरच्या कुपनावर निराळी खूण छापायची, कोणत्या खुणेची कुपने परत आली ती मोजायची, आणि जी जाहिरात माल खपवीत नाही ती बंद करायची. आपल्याकडे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते प्रथम कारखान्याचेच पत्र होते. नांगर घेणाऱ्याशी बोलत राहावे हा त्यामागचा व्यवहार होता. पुढे त्याचे मासिक झाले आणि मराठी वाचकांच्या घरात गेले, हे आपण जाणताच. सांगायचे इतकेच, की गिऱ्हाइकाचा माग ठेवणे ही काही परदेशातून परवा आलेली टूम नाही.

तीच खूण आज दुव्याच्या शेपटाला जोडता येते. दुकानाचा पत्ता तोच, पण फेसबुकवर टाकताना त्याच्यापुढे एक शब्द, व्हॉट्सॲपवर पाठवताना दुसरा, पाकिटावर छापायच्या चौकोनी संकेतचित्रात तिसरा. त्या विकत घेतलेल्या अर्चिन कंपनीच्या नावाचे आद्याक्षर या खुणांत अद्याप टिकून आहे. त्यांना ‘यूटीएम’ म्हणतात. आमच्या जिल्ह्यात याची गरज विशेष आहे, कारण येथला धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, आणि व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस यंत्राला बहुधा ओळखू येत नाही. खूण नसेल तर त्याची नोंद ‘थेट आला’ अशी होते. बहिणीने भावाला, भावाने पुण्यातल्या मित्राला धाडलेला दुवा, आणि त्यातून झालेली विक्री, ही सारी पुण्याई ‘थेट’ नावाच्या रकान्यात बेवारस पडते, आणि श्रेय पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीला दिले जाते. त्याचप्रमाणे ऑर्डर जर फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या बटणावरून येत असेल तर त्या बटणावर किती बोटे पडली हे मोजण्याची सोय करून घ्यावी. नाही तर विक्री होते आणि मोजणीत शून्य दिसते.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. किलोभर तिखट ४०० रुपयांना विकले. मिरची, दळणावळ, पाकीट आणि टपालखर्च जाऊन गटाला ६० रुपये उरतात असे धरू. ३,००० रुपयांची जाहिरात केली, १,५०० जण आले, १० जणांनी एकेक किलो घेतले. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे ३०० रुपये गेले आणि ६० आले. उलट जुन्या गिऱ्हाइकांना नुसता निरोप पाठवला, ८० जण आले, १२ जणांनी घेतले, खर्च जवळजवळ नाही. जो नुसती गर्दी पाहील तो पहिल्या मार्गाला जवळजवळ एकोणीसपट यशस्वी म्हणेल. गटाच्या पेटीत काय पडले ते पाहणारा दुसरा मार्ग धरील.

पण इतक्यावरच निकाल देऊ नये. जुने गिऱ्हाईक निरोप न धाडताही कदाचित आले असते. जाहिरातीने आणलेल्या दहांपैकी चारजणी दरवर्षी तीन-तीन किलो नेऊ लागल्या, तर ते ३०० रुपये काही वर्षांत फिटतात. म्हणून जाहिरातीतून आलेले गिऱ्हाईक पुढल्या वर्षी परतले का, याची नोंद ठेवल्याशिवाय ‘जाहिरात वाईट’ असेही म्हणता येत नाही. आणि दहा व बारा हे आकडे इतके लहान आहेत, की एखाद्या घरच्या लग्नाने ते इकडचे तिकडे होतील. लहान दुकानाने आठवड्याच्या आकड्यावर नाचू नये, निदान तीन महिने धीर धरावा. परत आलेली पार्सलेही विक्रीतून वजा करावीत. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या व्यवहारात ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे.

दुसरा प्रश्न : माणूस आला, मग अडला कोठे? दुकानात आलेला माणूस पायरी-पायरीने आत येतो. समजा हजारांनी पहिले पान पाहिले, ३२० जणांनी तिखटाचे पान उघडले, ७० जणांनी ‘घ्या’ म्हटले, ५८ जणांनी पत्ता लिहिला आणि पैसे दिले फक्त १४ जणांनी. आपले लक्ष हजारावर जाते. आणखी हजार आणू म्हणून आपण आणखी जाहिरात करतो. वास्तविक भोक आहे ते ५८ आणि १४ यांच्यामध्ये. गळक्या रांजणात पाणी ओतण्यापूर्वी तेथे काय घडते ते पाहावे. पुष्कळदा एवढेच असते, की टपालखर्चाचे ९० रुपये त्या शेवटच्या पायरीवर प्रथमच दिसतात. चारशेचे तिखट चारशे नव्वदला! कोणती गृहिणी दचकणार नाही? मग तो खर्च अगोदरच वर लिहावा, किंवा दोन किलो घेणाराला माफ करावा, आणि पुन्हा मोजावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भाव, चित्र, पान आणि जाहिरात ही चारही एकदम बदलली, तर विक्री वाढूनही कशाने वाढली ते कळणार नाही.

आकडा माणूस कोठे अडला हे सांगतो, का अडला हे सांगत नाही. ‘का’ विचारायला माणसाकडे जावे लागते. कारखान्यात गैरहजेरीचे कोष्टक व्यवस्थापकाकडे असते, पण कारण खात्यात फिरल्यावरच कळते. तसे पाच-दहा जुन्या गिऱ्हाइकांशी मोकळेपणाने बोलावे. कोणी म्हणेल देठ खुडलेली मिरची होती की देठासकट दळली, हे पानावर लिहिलेलेच नाही. कोणी म्हणेल रंग हवा, जाळ नको. आणि कोणी म्हणेल, बाबा, तुमचे पान उघडता उघडत नाही. मोठमोठी छायाचित्रे टाकलेले पान शहरात झटकन दिसते. धडगावच्या किंवा मोलगीच्या वाटेवर मोबाइल हातात घेऊन पाहावे म्हणजे त्याचे वजन समजते.

शोधाच्या शब्दांचाही येथेच विचार करू. लोक कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत आले हे ‘सर्च कन्सोल’ या दुसऱ्या एका फुकट साधनात दिसते, आणि आमच्या मते लहान दुकानदाराला ते पहिल्यापेक्षाही उपयोगी आहे. सातपुड्यातल्या आमचुराचेच पाहा. अक्कलकुवा आणि अक्राणी भागांत कैऱ्या कापून, वाळवून आमच्या आदिवासी भगिनी तो करतात. मराठी स्वयंपाकात आंबटाला आमसूल आणि चिंच असते, तेव्हा आमचुराचे मोठे गिऱ्हाईक हिंदी मुलखातले. मराठीत ‘आमचूर’ लिहितात आणि हिंदीत ‘अमचूर’. पानावर केवळ पहिला शब्द असला, तर दुसरा शब्द टाकून शोधणारा आपल्या दारात येईलच याची खात्री नाही. एका कान्याचा फरक! दोन्ही शब्द पानावर लिहायला काही खर्च येत नाही. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु गिऱ्हाईक ‘मानांकन’ हा शब्द शोधत नाही, तो ‘तूरडाळ’ शोधतो. मानांकनाचा उपयोग तो पानावर आल्यानंतर, विश्वास बसावा म्हणून.

ऋतूचे भान नसलेल्या मोजणीने तर फार घोटाळे होतात. नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या पावसाळा सरल्यावर लागतात, मग पथाऱ्या लाल होतात. घरोघर वर्षाचे तिखट आणि मसाला करतात तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. मार्च-एप्रिलमध्ये आलेख वर चढला म्हणजे आपल्या नव्या चित्राची करामत, आणि श्रावणात खाली आला म्हणजे पान बिघडले, असे समजणे म्हणजे नदीला पूर आला तो आपण घाट बांधला म्हणून, असे म्हणण्यासारखे आहे. या एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशीच करावी. त्यासाठी मागचा एप्रिल जपून ठेवलेला असावा लागतो. गूगलने आपल्या साधनाची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी केली आणि पुढल्या वर्षी जुन्या नोंदी पाहण्याची सोयही काढून घेतली. (१ जुलै हा आपल्या जिल्ह्याचा जन्मदिवस, १९९८ सालचा, म्हणून ती तारीख आमच्या ध्यानात राहिली.) ज्यांनी महिन्याचे चार आकडे साध्या वहीत उतरवून ठेवले होते त्यांचे काही अडले नाही.

आता हे आकडे कोण वाचतो, याविषयी. एका गटाला एका जाहिरात संस्थेने दिलेला महिन्याचा अहवाल आम्ही पाहिला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत वर्तुळे, आणि ‘दोन लाख वेळा दिसली’ असे ठळक अक्षर. किती पाकिटे गेली, असे आम्ही विचारले. त्या अहवालात तसे पानच नव्हते. ‘दिसली’ म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलवर ती जाहिरात सरकत गेली इतकेच. त्याने ती पाहिली, वाचली असे नव्हे. म्हणून आमचा आग्रह असा, की मोजणीच्या साधनाची किल्ली गटाच्याच नावावर असावी. संस्थेला पाहण्याची परवानगी द्यावी, मालकी देऊ नये. संस्था बदलली तर नोंदी तिच्याबरोबर जाता कामा नयेत. करार करताना मोबदला गर्दीवर न ठरवता खपाशी जोडता आला तर उत्तम.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तो मागवाल्याच्या माथी जादा माग मारण्याच्या योजनेविरुद्ध. तेथेही हातात कोष्टके घेतलेली माणसे होतीच. आकडा मालाविषयी असतो तोवर तो धंद्याचा मित्र असतो. तो कामगाराच्या पाठीवर ठेवला की त्याचे रूप पालटते. ‘पान पाहणारे वाढले, तेव्हा पाकिटे भरणारीने तासाला इतकी भरलीच पाहिजेत’ असा हुकूम मोबाइलवरून येऊ लागला, तर बचत गट आणि गिरणी यांत फरक उरत नाही. गटाच्या बैठकीत आकडे सर्वांसमोर वाचावेत, आणि वाढलेल्या खपातून पाकीट भरणारीच्या हातावर काय पडले तो रकाना त्याच वहीत असावा. तो रकाना कोणतेही फुकटचे साधन दाखवीत नाही. तो हातानेच आखावा लागतो.

आणि ज्याला मोजतो त्याचे काय? २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारविषयी मतभेद पुष्कळ असतील, परंतु तेथे माणूस चालत गेला, बोटांचे ठसे दिले आणि आपल्याला क्रमांक मिळाला हे त्याला माहीत होते. कुकीचा क्रमांक दुकानात पाऊल टाकताच खिशात पडतो आणि कित्येकांना पत्ताही नसतो. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमतीवर माहिती घ्यायची तर ती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगावे, दिलेली संमती मागे घेता यावी, आणि हे सारे इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. लहान दुकानाने याहून साधा नियम पाळावा : जे लागत नाही ते घेऊच नये. तिखट पोहोचवायला पत्ता आणि फोन लागतो. जन्मतारीख लागत नाही. नोंदी परक्या कंपनीकडे जाऊ द्यायच्या नसतील तर ‘मॅटोमो’सारखे, २००७ साली ‘पिविक’ या नावाने निघालेले साधन आपल्याच भाड्याच्या संगणकावर चालवता येते. त्याला थोडे जाणकार हात लागतात, पण शहाद्या-तळोद्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना ते कठीण नाही.

आठव्या अनुसूचीत भिली नाही, पावरी नाही, आपली अहिराणीही नाही. गटातल्या कित्येक भगिनी मात्र याच भाषांत बोलतात. त्यांची छायाचित्रे, त्यांची गावे, त्यांच्या हातांच्या चित्रफिती जाहिरातीसाठी संकेतस्थळावर चढवल्या जातात, आणि कोणते चित्र जास्त ‘चालते’ हेही त्याच साधनाने मोजले जाते. ते चढवण्यापूर्वी हा सारा व्यवहार काय आहे, कोण पाहणार, किती दिवस राहणार आणि नको म्हटले तर कसे काढणार, हे त्यांना त्यांच्या बोलीत, तोंडाने, सर्वांदेखत सांगितले जावे, आणि त्यांनी होकार दिला तरच पुढे जावे, असा ठराव प्रत्येक गटाने आपल्या इतिवृत्तात लिहून घ्यावा अशी आमची सूचना आहे. ठरावाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी व्याख्यानानंतर मागून घ्यावा.